नवीन बॅटरी टाकली तरी गाडी परत परत बसते? आधी बॅटरी, डायनॅमो आणि गळती वेगवेगळी तपासा

नवीन बॅटरी टाकली, चार-पाच महिने बरे गेले, आणि एका सकाळी किल्ली फिरवली की परत तेच, कट-कट-कट-कट. मग शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल, मग गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके आहे डायनॅमो बघा, आणि डायनॅमोवाला म्हणतो चार्जिंग तर मस्त मारतोय साहेब. तिघंही खोटं बोलत नसतात बरं का, तिघंही फक्त आपापल्यापुरतं बघतात. सोसायटीतल्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर हे प्रकरण इतक्या वेळा निस्तरलंय की दर वेळी फोनवर समजावून सांगायचा कंटाळा येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हे सगळं साध्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाड्यांसाठी आहे, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर, गॅरेजमध्ये ज्याला डायनॅमो म्हणतात तो. इलेक्ट्रिक गाडी किंवा मोठ्या बॅटरीची हायब्रिड असेल तर तिच्यात १२ व्होल्टची बॅटरी वेगळ्याच कन्व्हर्टरवरून चार्ज होते आणि आत नारिंगी रंगाच्या हाय व्होल्टेज केबली असतात, तिथे घरी काही उचकायला जाऊ नका.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी धरा आणि डायनॅमो म्हणजे पाणी चढवणारी मोटार. टाकी सकाळी रिकामी मिळाली तर टाकीला भेग असेल, मोटार पाणी चढवत नसेल, मधला पाइप चोंदला असेल, नाहीतर रात्रभर कुठलातरी नळ चालू राहिला असेल, म्हणजे बंद गाडीतही काहीतरी करंट ओढत असेल, तीच गळती. या चारातलं नक्की कुठलं ते कळायच्या आधी नवीन टाकी आणू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि ते कळायला पाचशेच्या आतला साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर, पुरतो.

आधी लक्षणं

किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो ते पहिलं ऐका. पटापट कट-कट-कट आणि सोबत डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतायत, तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटारीला, ओढ घ्यायला जोर पुरत नाहीये, बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल (बॅटरीच्या खांबावर बसणारी केबलची पकड) ढिलं आहे. एकच 'टक्' आणि पुढे शांत, दिवे मात्र छान उजळ, तर बॅटरी बहुतेक बरी असते आणि घोळ सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो. आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी पार रिकामी आहे, टर्मिनल निसटलंय नाहीतर मेन फ्यूज गेलाय. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिनच पकडत नाही, तर ते पेट्रोलचं किंवा इग्निशनचं दुखणं, त्यात बॅटरीला दोष देऊ नका.

मग कधी बसते ते आठवा. रोज चालवली की काही नाही, दोन-चार दिवस उभी राहिली की मेली, तर गळतीवर संशय. हायवेवर तासभर पळवून आणली आणि तरी दुसऱ्या सकाळी बसली, तर बॅटरी चार्ज धरत नाहीये किंवा गळती खूप मोठी आहे. जंपरवर सुरू झाली, केबल काढली आणि थोड्या वेळात चालता चालता बंद पडली, किंवा रात्री हेडलाइट हळूहळू पिवळे पडत गेले, मग म्युझिक सिस्टिम बंद, मग इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड, तर डायनॅमो भरतच नाहीये. आणि बॅटरीचं पाणी दर महिन्याला कमी होतंय, बल्ब सारखे उडतायत, बॉनेट उघडलं की सडलेल्या अंड्यासारखा वास, तर उलटा प्रकार आहे, डायनॅमो जास्त भरतोय.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बऱ्याच जणांना चुकीचा समजतो. तो बॅटरी जुनी झाली म्हणून लागत नाही, चार्जिंग होत नाही म्हणून लागतो. आणि तो विझलेला आहे म्हणजे चार्जिंग पुरेसं होतंय असंही नाही, निम्म्या ताकदीने चालणाऱ्या डायनॅमोवर सुद्धा पुष्कळदा दिवा विझलेलाच असतो. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर एसी, म्युझिक, जे बंद करता येईल ते बंद करा, चांगली बॅटरी असेल तर दिवसा अर्धा-पाऊण तास निघू शकतो, रात्री त्याहून कमी. पण दिव्याबरोबर टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कारण बऱ्याच गाड्यांत डायनॅमो आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात आणि बेल्ट तुटला असेल तर पुढच्या काही मिनिटांत इंजिनच कामातून जाईल.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी बॅटरीवरची तारीख बघा. आपल्याकडे साधारण तीन ते पाच वर्षं म्हणजे बॅटरीने नाव काढलं. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त, तिथे ती लवकर जाते. बॅटरीला मारतो उन्हाळा आणि कळतं थंडीत, कारण थंडीत तिची ताकद उतरते आणि गार इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून डिसेंबरात नाशिकला किंवा पुण्यात अचानक सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम गेल्यासारख्या वाटतात. चार वर्षांची बॅटरी असेल तर फार तपास न करता तीच आधी टेस्ट करून घ्या, बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट बहुतेक वेळा फुकट करतात.

दुसरं, गाडीत बाहेरून काय काय लावून घेतलंय? डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ॲम्प्लिफायर, बाहेरचं सेंट्रल लॉक, फॅन्सी लाइट. कंपनीच्या वायरिंगमधून सहसा गळती होत नाही, ॲक्सेसरीच्या दुकानात कात्रीने वायर सोलून टेप गुंडाळलेली असते तिथूनच होते. डिकीचा दिवा आणि ग्लव्ह बॉक्सचा दिवा तपासा. डिकीत मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवा, डिकी बंद करा, दहा सेकंदांनी उघडा, दिवा विझतोय की नाही ते व्हिडिओत दिसतं. हसू नका, यातून सुटलेल्या गाड्या पाहिल्यात.

तिसरं म्हणजे वापर. रोज दीड किलोमीटर ऑफिस, तेही ट्रॅफिकमध्ये एसी लावून, तर कुठलीच बॅटरी टिकणार नाही. आयडलिंगला डायनॅमो त्याच्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली चालतो, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन, हेडलाइट, वायपर मिळून जवळपास सगळं तिथल्या तिथे खाऊन टाकतात आणि बॅटरीत भर पडतच नाही. अर्धवट चार्जमध्ये पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि ते नंतर सुटत नाही. अशांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग पाऊण तास पळवावी, नाहीतर घरी छोटा चार्जर घ्यावा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्याने उलट नुकसानच होतं, सेल्फने खाल्लेलं सुद्धा नीट भरून निघत नाही.

टर्मिनल आणि बेल्ट

टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरलं म्हणजे ढिलं. पांढरी किंवा हिरवट-निळी पावडर दिसत असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. हा क्रम लोक पाळत नाहीत, पण कारण साधं आहे, निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट, पाना वितळेपर्यंत. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पावडरवर ओता, सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, मग पॉलिश पेपरने खांब आणि टर्मिनलची आतली बाजू चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी नाही, वरून. काही जण खांबाला ग्रीस चोपडून मग टर्मिनल बसवतात आणि विचारतात अजून कट-कट का करतंय. टर्मिनल नीट बसत नाही म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला असेल तर तो फेकून द्या, नवीन टर्मिनल दीड-दोनशेत येतं.

बेल्ट बघताना इंजिन बंद हवं. तडे, चकाकी, तेलाचे डाग, आणि दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर खूप लचकतोय का ते बघा. पहिल्या पावसात सुरू करताना चूंऽऽ असा आवाज येऊन बंद होतो तो बेल्ट घसरल्याचा असतो, आणि घसरणारा बेल्ट लोड आला की डायनॅमो फिरवत नाही. तेवढ्यासाठी अख्खा डायनॅमो बदललेल्या गाड्या आहेत.

आता मल्टिमीटर, तीन आकडे

मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला, टर्मिनलच्या पत्र्यावर नाही तर बॅटरीच्या शिशाच्या खांबावर. कागद-पेन घ्या, हे आकडे लिहूनच ठेवा.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, शक्यतो दार न उघडता, ते शक्य नसेल तर निदान बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबून. १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे पाव, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहापैकी एक सेल मेलाय, प्रत्येक सेल २.१ चा असतो, हिशोब करा. गाडी आत्ताच चालवून आणून घेतलेलं रीडिंग धरू नका, चार्जिंगनंतर काही तास बॅटरी खोटा मोठा आकडा दाखवते. आणि बॅटरीवरचा तो हिरवा डोळा फक्त एकाच सेलची खबर देतो, बाकीच्या पाचांची नाही, त्यामुळे डोळा हिरवा आहे म्हणून बॅटरी चांगली हे मी धरत नाही. पाणी भरायची झाकणं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) सगळे सेल बघा, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्तने मागे असेल तर ती बॅटरी संपली. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर, ॲसिड कधीच घालू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवायची, एकाने मीटर बघायचा. या आकड्यात सगळ्यात जास्त माहिती असते आणि हाच कोणी घेत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, छोट्या पेट्रोल गाडीत तर ती १० च्या वरच राहते. आधी १२.५ होती आणि सेल्फ मारताना धाडकन ८ वर, तर बॅटरी आतून संपलीये, व्होल्ट आहेत पण दम नाही. (क्वचित सेल्फ जाम होऊन भरमसाट करंट ओढत असतो, तेव्हाही असंच दिसतं, म्हणून एकदा दुसरी चांगली बॅटरी लावून बघावी.) पण सेल्फ रडत-रखडत फिरतोय आणि मीटर मात्र आरामात ११.५ च्या वर, तर बॅटरीला हात लावू नका! बॅटरी द्यायला तयार आहे, मधल्या रस्त्याने करंट पोचत नाहीये. ही केस पुढे येते.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, थोडी रेस धरून, साधारण १५०० आरपीएम. १३.८ ते १४.५ म्हणजे छान. मग हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डीफॉगर सगळं लावा, तरी १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. इंजिन चालू करूनही १२.३, १२.२, १२.१ असं घसरत असेल तर चार्जिंग शून्य. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर, म्हणजे कटआउट, बिघडलाय, गाडी बंद करा आणि तशी चालवू नका, बॅटरी उकळेल आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाईल.

एक सावधगिरी, नव्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः बीएस ६ नंतरच्या आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. निवांत चालताना १२.८ दाखवेल आणि ॲक्सिलरेटर सोडला की १४.८, कारण ब्रेकिंगच्या वेळी फुकटची ऊर्जा बॅटरीत भरायची असते. तिथे १२.८ बघून डायनॅमो उतरवू नका, हेडलाइट लावून बघा, बहुतेक गाड्या लगेच वर जातात. या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, चार्जरची काळी क्लिप बॅटरीच्या खांबाला न लावता बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला, लावा म्हणजे सेन्सरचा हिशोब चुकत नाही. बॅटरीही ईएफबी किंवा एजीएमच (अशा गाड्यांसाठीचे दणकट प्रकार) लागते, स्वस्त पडते म्हणून साधी टाकली तर वर्षभरात रडते.

चोंदलेला पाइप, म्हणजे केबल आणि अर्थिंग

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त पैसे लोकांचे इथे वाया जातात. मावसभावाची गाडी रत्नागिरीला, समुद्रापासून जवळ, दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या, सेल्फ उघडून झालेला, आणि तरी सकाळी सेल्फ रडका. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.६. म्हणजे बॅटरी निर्दोष. जंपर केबलची काळी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारला, टणकन सुरू. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाळीदार पट्टी वरून ठीक दिसत होती, पण आतले तांब्याचे धागे खाऱ्या हवेने काळे पडून निम्मे तुटलेले. बॅटरीच्या मानाने ती पट्टी म्हणजे किरकोळ खर्च.

असं का होतं त्याचा हिशोब सोपा आहे. छोट्या गाडीचा सेल्फ सुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. वाटेत कुठे ०.०२ ओहम एवढा फालतू अडथळा आला तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हाच अडथळा दिव्यांना जाणवत नाही कारण दिव्यांचा करंट किरकोळ. म्हणून दिवे झक्क आणि सेल्फ मेलेला.

मीटरने बघायचं तर, सेल्फ मारताना काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल इंजिनच्या लोखंडावर धरा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत चालतं, अर्धा-एक व्होल्ट आला तर अर्थिंग खराब. चार्जिंगचा रस्ताही असाच तपासतात, इंजिन चालू, दिवे-ब्लोअर लावलेले, लाल डायनॅमोच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.३ च्या आत हवं. डायनॅमोवर १४.४ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर डायनॅमो बिचारा काम करतोय, मधली वायर, तिच्या टोकाची कडी (लग) किंवा मेन फ्यूजचा बोल्ट गंजलाय. तो जाड बोल्ट किल्ली बंद असतानाही जिवंत असतो हे विसरू नका, आणि फिरत्या बेल्टजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन नको. बोल्टपर्यंत हात सहज पोचत नसेल, बऱ्याच गाड्यांत डायनॅमो मागे खाली दडलेला असतो, तर ही तपासणी सोडून द्या.

कोणी मागे कधी जंपर उलटा लावला असेल तर डायनॅमोचा मोठा मेन फ्यूज बघा, तो पहिला जातो. आणि किल्ली ऑन करून इंजिन सुरू न करता बॅटरीचा लाल दिवा लागतोय का ते बघा. लागत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा ती बारीक वायर गेली. जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून जाणाऱ्या करंटने डायनॅमो जागा होतो, दिवा गेला की चार्जिंगच सुरू होत नाही किंवा बरीच रेस दिल्यावर होतं. पावसाळ्यात ही बारीक वायर उंदीर कुरतडतात. इंजिनपाशी तंबाखूची पानं बांधून ठेवणारे बरेच जण आहेत, माझा अनुभव असा की उंदरांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

रात्रभर चालू राहिलेला नळ

तिन्ही आकडे चांगले आणि तरी उभी राहिली की बसते, तर करंट मोजायचा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, आणि मीटर मधे जोडा, एक टोक खांबाला, एक सुटलेल्या केबलला. जोडायच्या आधी दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, किल्ली लांब ठेवा, आणि मीटर जोडल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, सुरुवातीला अँपिअरमध्ये आकडा दिसून लोक घाबरतात, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आणि काम झाल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल.

५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक, घड्याळ, अलार्म, मेमरी याला तेवढं लागतंच. तेवढ्यानेही ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते, म्हणून महिनाभर गावाला जाताना निगेटिव्ह काढून ठेवावं. ३०० मिलीअँपिअर असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, अडीच दिवसांत निम्मी टाकी साफ. मग फ्यूज एकेक काढा आणि आकडा कुठल्या फ्यूजला पडतो ते बघा, फ्यूज काढायच्या आधी मोबाइलवर फ्यूज बॉक्सचा फोटो काढा. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर संशय डायनॅमोच्या डायोडवर (त्यातला एसी करंट डीसी करणारा भाग) किंवा बॅटरीवरून थेट ओढलेल्या ॲक्सेसरीच्या वायरीवर.

डायोडची एक झटपट परीक्षा, इंजिन चालू, दिवे लावून मीटर एसी व्होल्टवर बॅटरीला लावा. ०.१ च्या आत हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर म्हणजे एखादा डायोड गेलाय. असा डायनॅमो चार्जिंगही कमी करतो आणि रात्री स्वतःच बॅटरी पितो, म्हणजे दोन्ही आजार एकदम. फक्त अगदी स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाच भलताच आकडा दाखवतात, २५-३० वगैरे, तो बघून दचकू नका, तसा मीटर या कामाला निरुपयोगी आहे एवढाच अर्थ.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढू नका

बॅटरीची वायर काढून गाडी चालू राहिली म्हणजे डायनॅमो चांगला, ही टेस्ट अजून काही ठिकाणी करतात. जुन्या काळच्या गाड्यांवर खपून जायचं. डायनॅमो पूर्ण भरात असताना बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटीने उसळतं, आणि समोर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅग मॉड्यूल, म्युझिक सिस्टिम सगळं उघडं. तुमच्यासमोर कोणी पाना घेऊन चालत्या गाडीच्या टर्मिनलला हात घालत असेल तर गाडी बंद करून किल्ली खिशात घाला. वाईट वाटलं तर वाटू दे.

जंपर लावताना लाल आधी मेलेल्या बॅटरीला, मग चांगलीला, काळी चांगल्या बॅटरीला आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो.

इथे थांबा, ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा

बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गळत असेल तर चार्ज नको, जंपर नको, काहीच नको. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि सरळ दवाखाना. केबल हाताला चटका बसेल इतकी गरम होते किंवा जळका वास येतो, चार्जिंग १५ च्या वर, स्टिअरिंगखालची किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर उचकावी लागतेय (ती एअरबॅगची असते), फ्यूज काढून गळती सापडत नाही, गाडी वॉरंटीत आहे, यातलं काहीही असलं तर पुढे जाऊ नका.

डायनॅमो उतरवणं घरचं काम नाही असं माझं मत आहे, काही गाड्यांत त्यासाठी चाक आणि खालचं कव्हर काढावं लागतं. पण काय मागायचं ते माहीत असू द्या. पूर्ण डायनॅमोच बदलायला सांगितलं तर आधी विचारा की कार्बन (ब्रश), कटआउट, डायोड प्लेट, बेअरिंग यातलं नेमकं काय गेलंय. बऱ्याचदा कार्बन झिजलेले असतात आणि तेवढे बदलून काम होतं, रोटरच्या रिंगांना खोल चर पडले असतील किंवा कॉइल जळाली असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा दुसरा बसवलेला परवडतो. तुमचे तीन आकडे लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या. चांगला इलेक्ट्रिशियन तो बघून खूश होतो, आणि जो कागद न बघताच म्हणतो बॅटरी बदला, त्याच्याकडून गाडी घेऊन निघा.

नवीन बॅटरी घ्यावीच लागली तर टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते जुन्या बॅटरीवर बघून जा, मॉडेलच्या शेवटी एल किंवा आर असतं, उलटी आणली तर केबल पोचत नाही आणि दुकानदार ओढूनताणून बसवून देतो. बनावटीचा महिना बघा, सहा महिन्यांहून जास्त शेल्फवर पडलेली घेऊ नका. वॉरंटी ५५ महिने लिहिलेली असली तरी त्यातले किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने प्रो-राटा (वापराच्या हिशोबाने फक्त काही सूट), हे कार्डावर वाचून घ्या. काही जर्मन गाड्यांत नवीन बॅटरी कॉम्प्युटरला कळवावी लागते, ते जमणाऱ्याकडूनच बसवा.

आणि डायनॅमो दुरुस्त झाला की पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्यावर टाकून गाडी पळवू नका. मेलेली बॅटरी भरायचं काम चार्जरचं आहे, ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास, हवेशीर जागी. दुरुस्त डायनॅमो पहिल्याच दिवशी तासन् तास पूर्ण लोडवर तापला की नवे डायोड परत जातात, आणि मग गॅरेजवाला म्हणतो तुमची बॅटरीच खराब. चार्ज करून बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही आकडे परत घेऊन त्याच कागदावर खाली लिहा.